एक मिनिट

सावळजच्या बेदाणा शेडमागं
वजनकाट्याची खोली मागून घेतली.
खिडकीला हिरवं शेडनेट, दाराला मालकिणीची जुनी चादर,
रेक्झीन फाटलेलं बाकडं, एका पायाखाली वीट.
पिशवीत बॅटरी, कापूस, उकळून आणलेली हत्यारं
आणि बाटलीत पाणी घातलेलं आम्ल.
झाकण उघडताच बायका खिदळल्या,
"सिस्टर, चायनीजच्या गाड्यावरनं आणलं काय?"
व्हय गं, त्याचंच भावंड.
तुमच्या चहापेक्षा स्वस्त.

यादीत चाळीस, आल्या सतरा.
बाकीच्यांचं एकच: मला काय धाड भरलीय?

शालन ऐवळे अठरावी, यादीत नसलेली.
हातांना गंधकाचा वास, नखांत चिकट साखर.
आडवी होऊन पदर तोंडावर ओढला
आणि आतून विचारलं, "काय हुडकता तुम्ही?"
पांढरं, म्हटलं.
"मी काळं हुडकते. बावीस वर्षं.
पट्टा पळतो, दाणा थांबत न्हाई."

कापूस टेकवला.
आता फक्त एक मिनिट थांबायचं.
ती पदराआडून मोजू लागली,
क्रेट मोजतात तसं, ठसक्यात,
लाभ, दोन, तीन...
तिसाच्या आसपास वीज गेली.
पट्ट्याचा खडखडाट मेला,
एवढ्या बायकांच्या शेडमध्ये एकदम
फक्त तिचा आवाज.
माझी बॅटरी चालू होती.

साठ.

गुलाबी कडेवर,
घड्याळात दोन वाजतात तिथं,
सायीच्या कवडीएवढा पांढरा डाग.

पुढचं मला पाठ आहे.
हा कॅन्सर नाही, शालनताई.
होऊ नये म्हणून आत्ता बघतोय.
मंगळवारी तासगावला यंत्र येतंय,
तेवढीच जागा शेकतात, अर्धं मिनिट,
त्याच दिवशी घरी. पैसे नाहीत.
तिनं सगळं ऐकून घेतलं.
"मंगळवारचा खाडा पडंल की."
मग, "दाखवा."
मोबाइलवरचा फोटो तिनं चिकट बोटानं मोठा केला,
आणखी मोठा, तिरपा धरून पाहिला.
"एवढं तर मी पळत्या पट्ट्यावरनं उचलते."

निऱ्या खोचता खोचता म्हणाली,
"तुमचं कुणी बघितलंय, सिस्टर?"

मी हत्यारं क्लोरीनच्या पाण्यात टाकत होते.
सहा वर्षं, तेवीस गावं,
किती बायका ते रजिस्टरला माहीत.
"बघितलंय," म्हणाले.

मालातली खोट ओळखणारी बाई ती.
काही बोलली नाही, चादर सारून गेली.
वीज आली, पट्टा लागला,
त्या आवाजावर तिचा आवाज चढला,
"ए मुमताज, ऊठ. एका मिनिटाचं काम हाय.
माझं निघालंय, तुझं बघून घे."

एकोणिसावी ओळ मुमताजसाठी सोडून
विसावीत मी माझं नाव लिहिलं.
वय एक्केचाळीस.
निकालाच्या रकान्यात पेन टेकवून ठेवलं,
शाई पसरत राहिली.