फट

बँकेतल्या मुलीने फोनवर विचारलं,
"मिसेस टिपणीस बोलताय का?"
मिसेस टिपणीस समोर बसून मटार सोलत होत्या.
हसल्या नाहीत.
म्हणून मी घाबरलो.

तेव्हापासून चिंच बंद,
आमसुलाचं सार बंद, संध्याकाळचा चहा बंद.
पलंगाच्या उशाकडे दोन विटा.
सकाळी अनशापोटी गोळी,
रात्री सातनंतर तोंडाला कुलूप.
पित्तच असणार, मी ठरवूनच टाकलं होतं.
जन्मभर जिभेचे चोचले पुरवले,
आता घसा हिशेब मागतोय.
असा हिशेब मला कळतो.
तो फेडता येतो.

पण दर गुरुवारी संध्याकाळी, ग्रिम्सबीतल्या त्या कोंदट खोलीत
अंधांसाठी आठवड्याचं वर्तमानपत्र वाचताना
पहिली दोन पानं खणखणीत जायची:
गोदीवरचा मासळीचा लिलाव, कचऱ्याच्या गाडीचा बदललेला वार.
निधनवार्तांपाशी आलो की
आवाजातून वारा निसटायचा,
पंक्चर सायकलीतून निसटतो तसा.
शेवटच्या पानावरचा फुटबॉल
नुसत्या श्वासावर खेळला जायचा.

डॉक्टर ओकाफोर बाईंनी नाकातून कॅमेरा घालण्याआधी विचारलं,
त्रास सकाळी जास्त, की बोलून बोलून संध्याकाळी?
उठल्या उठल्या खाकरता?
घशात गोळा? तोंडाला आंबट?
मी हो म्हणायचा फार प्रयत्न केला.
खाकरतो ना, हे बघा,
आणि खाकरून दाखवलं.
त्या थांबल्या,
माझी लबाडी ओसरेपर्यंत.

मग पडद्यावर माझा कंठ.
चौऱ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदाच आमची नजरानजर.
लाली नाही, सूज नाही.
दोन पांढुरक्या कडा, जरा रोडावलेल्या,
मध्ये बाक आलेल्या,
आणि मिटल्या तरी त्यांच्यामध्ये
तांदळाच्या दाण्याएवढी फट.
"ई म्हणा."
ई म्हटलं.
फट जागची हलली नाही.

त्या जे इंग्रजीत बोलल्या
ते माझ्या कानात मराठीतच उतरलं:
जळलेलं नाही. झिजलंय.

बसमध्ये मला उगाच फसवल्यासारखं वाटलं.
गुन्हाच नव्हता, तर ती तीन महिन्यांची शिक्षा
कुठे नेऊन ठेवू?

घरी ही म्हणाली, "आधी त्या विटा काढा.
रात्रभर घसरत पायथ्याशी जाते मी."
आणि आमटीत चिंचेचा कोळ घातला, सढळ हाताने.

आता रोज पेल्यात पाणी, पाण्यात नळी,
नळीतून हुंकार.
बुडबुडे येतात. ही बघत बसते,
नातवाकडे बघावं तशी.
फट बुजणार नाही म्हणे,
पण कडांना थोडं बळ येईल.

गुरुवारी मात्र मी पानांचा क्रम बदललाय.
निधनवार्ता आधी.
आवाज भरलेला असतो तोवर
ती नावं तरी पुरती उच्चारली जावीत.
फुटबॉलचं काय,
आमचा संघ हरलाय
हे श्वासावरूनही कळतं.