आहाराची वही

डॉक्टर घाटगेबाईंनी वही दिली:
आठवडाभर खाल्लेलं सगळं लिहा, चोरायचं नाही.

सोमवार. दीड भाकरी, मेथी, ताक.
मिसळ खाल्ली ती उभ्यानं,
शिवाय बंडूच्या पैशानं. धरली नाही.

मंगळवारी गंगावेशीत म्हशीखालचा पेला,
धारोष्ण, अर्धा फेसच.
फेस दुधात मोजायचा का,
विचारायचं राहिलं.

बुधवारी पांढरा रस्सा, तीन वाट्या.
पातळ होता, म्हणून 'सूप' लिहिलं.

गुरुवार आठवत नाही.

शुक्रवारचं पान कोरं.
तालमीतला जोडीदार श्रीपती इंगवले गेला,
सत्तरीतही सपाट्या मारणारा.
पंचगंगेवरून आलो, भाकरी मोडली,
घास फिरत राहिला तोंडात.

बाईंनी वही चाळली, चष्मा वर केला.
म्हणाल्या,
शुक्रवार तेवढा छान पाळलात.