पंचेचाळीस-सेहेचाळीस

लाखांदूरच्या बसस्टँडमागं माझं दुकान.
पाटीवर लिहिलंय : मोटार भरणे, मिक्सर, टॉर्च.
खेळण्यांचं काही लिहिलेलं नाही.
तरी चार महिने हा गेमचा डबा टेबलावर,
तंबाखूवाल्याच्या दातासारखा पिवळा.
मामेभावानं ब्रह्मपुरीहून आणला होता,
चुरणं आटोपल्यावर, सत्त्याण्णव साली.
अंगठ्याला घट्टे पडेस्तोवर खेळलो.

उघडला, तर आत एक वाळलेली पाल
आणि साठ पायांची खाच.
स्पिरिटनं एकेक पाय पुसला, मोजत.

पंचेचाळीसवरून आवाज बाहेर पडतो,
कॅसेटीत जातो,
तिथं आणखी कुणी गाणारं असलं तर त्याला सोबत घेतो
आणि सेहेचाळीसवरून घरी येतो.
मुळात असं ठरलेलं.
पण ज्यानं नक्कल करून हा डबा बनवला
त्यानं दोन पायांमध्ये तांब्याची एक रेघ ओढून दिली.
आवाज उंबरठ्यावरूनच माघारी.
अठ्ठावीस वर्षं आम्ही तेवढंच ऐकलं
आणि पुरतं आहे म्हणालो.

ब्लेडनं रेघ कापली.
कॅसेटीत एक उपटून आणलेली चिप बसवली, तीन सुरांची.
रेझिस्टर आधी तपकिरी-काळा-नारिंगी लावला,
तर नवा सूर जुन्यांच्या उरावर बसला,
पाहुण्यानं घरधन्यालाच
पाणी घेता का विचारावं तसा.
मग पिवळा-जांभळा-नारिंगी.
मग बरं.

तेवढ्यात मुखरू नाकाडे टॉर्च घेऊन आला.
दंडारीत चाळीस वर्षं झीलकरी,
पत्रिकेवर ‘आणि इतर’मध्ये असतो.
टीव्हीकडं बघितलंसुद्धा नाही,
दारातच कान तिरपा करून :
‘हा मांगचा कोन आये गा?’
‘कोनी नाही काका, चिप आये.’
‘बरा धरते.’

मला तेव्हा पाटीवर एक ओळ वाढवावीशी वाटली.
पण प्रज्योतनं त्याची कॅसेट लावली, शंभर खेळांची,
आणि ती मुकी.
गडी उडी मारतो, नाणं घेतो, खड्ड्यात पडून मरतो,
हूं नाही की चूं नाही.
तिच्या पोटात पूलच नव्हता,
ती त्या रेघेवरच बोलत होती
जी मी कापली.
पोरगं माझ्याकडं बघत राहिलं.
आता एक बटण लावावं लागेल :
इकडं केलं की जुनं, तिकडं केलं की नवं.

सातला लाइट गेली.
मुखरूनं टॉर्च लावून बघितली,
तिसाचे वीस दिले, दहा शुक्रवारच्या बाजारावर ढकलले,
आणि चुलबंदीच्या अंगानं निघाला,
गुणगुणत,
फक्त तो मागचाच सूर.
समोरच्याची जागा आली की गप्प व्हायचा,
तेवढी पावलं तशीच चालायचा,
आणि पुन्हा धरायचा.