हाडं पाहून पाय पसरावे

कुओपिओत आमची जिम जमिनीखाली आहे,
युद्ध आलं तर लपायला खोदलेल्या खोलीत.
दार वीतभर जाड. युद्ध काही आलं नाही,
मग हिल्का तुर्पेइनेनने तिथे लोखंड आणून ठेवलं.

जानेवारी. वर उणे एकोणतीस.
खाली बार असा गार
की पहिली पकड तळव्याला चावते.

तीन वर्षं मी नव्वदवर अडकले होते.
उभी राहायचे बाबांसारखी:
पावलं खुब्यांखाली, हात गुडघ्यांबाहेर,
नडगी बारला घासून सोललेली.
बाबा कागदाच्या गिरणीत होते. आजानुबाहू माणूस.
रस्त्यात पडलेला हातमोजा उचलावा
तसे दोनशे किलो उचलायचे.
माझे हात आखूड, आईचे.
धड लांब, तेही आईचंच.
खाली वाकले की माझी पाठ
ओल्या फळीसारखी बाक धरायची.

"पाय फाकवून ओढणं म्हणजे
अर्धा जिना चढून वर पोचलो म्हणणं,"
बाबा म्हणायचे.
मी एकही पायरी चोरली नाही.
प्रामाणिकपणे कंबर दुखवून घेतली.

एका मंगळवारी हिल्काने पडदे शिवायची टेप काढली.
खांद्यापासून मनगट. खुब्यापासून गुडघा.
आकडे भिंतीवर खडूने लिहिले आणि लगेच पुसले.
"आकड्यांनी एवढंच कळतं की मापं वेगळी आहेत," म्हणाली. "आडवी हो."

माझा गुडघा धरून तिने छातीकडे सरळ आणला.
अडला. आत काहीतरी हाडाला हाड लागलं.
मग तोच गुडघा जरासा बाहेर वळवला,
आणि तो आला. कुरकुर न करता.
घरच्या कुलपात घरची किल्ली फिरावी तसा.

"ही खोबण जन्माच्या आधीची, साइमी.
व्यायामाने मांडी बदलते, खोबण नाही.
कोण म्हणालं पावलं सरळ ठेव?"
"बाबा."
"त्यांच्या खुब्यांना विचारून म्हणाले असतील."

पलीकडे ओउला, इनारीचा, पाइनसारखा सरळसोट,
गेले दोन महिने सुमोच करत होता,
बोटं थेट थाळ्यांपर्यंत. रोज जांघेला बर्फ.
हिल्काने त्याचे पाय काठीने
आत, आत, आणखी आत ढकलले.
त्याने ओढलं आणि स्वतःच दचकला,
इतकं ते सोपं गेलं.

मला मात्र बाहेर.
खूपच बाहेर गेले तर गुडघे आत कोसळले.
एक वीत मागे. अजून चार बोटं.
फरशीवर खडूच्या चार खुणा झाल्या,
तिसरीवर टाचा स्वतःहून बसल्या.
छाती वर. हात मांड्यांच्या मधून सरळ खाली.
आखूड हातांनाही बार सापडला.

"आता घाई करू नकोस. असं उभं राहिलं
की वजन आधी नाही म्हणतं."
पंच्याण्णव. मी ओढलं.
काही नाही.
दिवा गुणगुणत होता. ओउला श्वास धरून.
अजून काही नाही.
मग कुठेतरी फरशीने हात सोडला,
आणि बार माझ्या मांडीला लागून उभा होता,
म्हणजे उभी मी होते.

हिल्का टाळी वाजवत नाही.
तिने तिसऱ्या खुणेवर पुन्हा खडू फिरवला.

घरी मी काही सांगितलं नाही.
रात्री पाणी प्यायला उठले तर
स्वयंपाकघरात बाबा, लोकरी मोज्यांत,
पाय फाकवून, मध्ये बटाट्यांचं पोतं.
हिल्काने फोन केला असणार.
चेहरा लाल. पोतं जागचं हललेलं नाही.
"जांघ आखडली," म्हणाले.
मी ग्लास भरत राहिले.

मग त्यांनी हळूच पाय जवळ घेतले,
वाकले, एका झटक्यात पोतं छातीशी धरलं,
आणि तसेच उभे राहिले बराच वेळ,
ते ठेवायचं कुठे
हे न सुचून.