खाली दुपार उतरत नाही

माझा टँकर नऊ हजार लिटरचा.
मदभावीच्या माळावर त्रिशलाबाईंच्या पॉलिहाउसला
फेब्रुवारी सरला की रोज तीन खेपा.
त्यातली एक झाडांच्या मुळाशी जायची,
उरलेल्या दोन नुसत्या भिंतीला पाजायच्या.
भिंत म्हणजे पुठ्ठ्याची जाळी, मोहोळासारखी;
वरून पाणी सोडायचं, समोरचा पंखा ओढणार
आणि ढोबळ्या मिरच्यांना गार वाटणार.
पाणी कुठं गेलं विचारलं
की बाई आभाळाकडे बोट दाखवायच्या.
मी म्हणायचो, जाऊ दे की,
मला काय, खेपेमागे पैसे.

यंदा पाडव्याच्या आधी गेलो तर रानाच्या पोटात चर.
नऊ फूट. काळी संपून मुरूम,
मुरूम संपून मांजऱ्याला टेकलेला.
त्यात नळ्या निजवलेल्या, मांडीएवढ्या जाड,
शेजारी शेजारी, सोळा.
"आतलीच हवा खाली फिरवून परत वर आणायची, परसाप्पा.
माती बुजवली की एकच खेप लागंल."
एकच?
डिझेल, टायर, पोराची अथणीच्या कॉलेजातली फी,
उभ्या उभ्या हिशेब झाला.
म्हटलं, बघू. वैशाखात फोन येतोय.

वैशाखात फोन आला नाही.
एक्केचाळीसच्या उन्हात टँकरचं दार धरवेना.
खेप ओतली, आत शिरलो,
वाकून तोंड नेलं नळीच्या तोंडाशी.

गार.
फ्रीजचं नव्हे, ते दातांना लागतं.
हे विहिरीच्या बुडाचं.
ठेचलेला दगड, ओल धरलेला मुरूम,
आणि थोडा बिडीचा वास.
बिडी माझ्या मनाची.

आमच्या अप्पानं, दुर्गाप्पा वडरनं,
या पट्ट्यात चाळीसेक विहिरी काढल्या.
दुपारी बाकीचे वर येऊन बाभळीखाली टेकत,
हा पंधरा हात खाली तिथंच आडवा,
पालथं टोपलं उशाला.
मी काठावर पालथा पडून ओरडायचो,
भाकरी आलीया, ये वर.
तो खालून, तूच ये.
खाली दुपार उतरत नाही.
चाळीसांतल्या कोरड्या किती गेल्या
ते त्यानं कधी सांगितलं नाही.
कोरडीचे पैसे निम्मे. झोप तेवढी पुरी.
पाणीच नाही तर खाली काय ठेवलंय,
मी आईला विचारायचो. ती भाकरी झाकून ठेवायची.

बाईंनी बादली दाखवली.
नळ्यांच्या उताराला, रात्रभर ठिबकून पाऊण भरलेली.
"मिरच्यांचाच श्वास. खाली गेला, थंड झाला, पाणी झाला."
नऊ हजार लिटरवाल्यापुढे पाऊण बादली.
हसू आलं. बोट बुडवलं, मग ते थांबलं.
"माती पण दमती बघ," बाई म्हणाल्या,
"दिवसभर ऊन घेऊन घेऊन.
पहाटे गार वारं सोडून तिला निववावं लागतं."
हे सांगताना त्या बाळंतिणीबद्दल बोलतात तशा हळू बोलत होत्या.

काल खेप ओतून झाली. पुढची नव्हतीच.
नळीपाशी पाठ टेकली.
पाणी सोडणारा मल्लू कन्नडात म्हणाला, "तंप ऐतेनु?"
मी हूं म्हटलं, तेवढंच.
मग डोळा लागला असावा,
कारण वरून, लांबून, कुणी लहान पोर हाक मारत होतं,
भाकरी आलीया, ये वर.

मी म्हटलं, तूच ये.