चार बोटं जागा

अकरा वर्षं झाली, तालमीच्या भिंतीवरचा फळा
मी पहाटे साडेपाचला लिहितो.
मग सायकल, उद्यमनगर, फौंड्री,
लाकडी पॅटर्न, कानशीत अडकलेला भुसा.

फळ्यावर विशेष काही नसतं.
पाणी किती वाजता, पंचगंगा किती फुटांवर,
कुणाची म्हैस व्याली, खासबागेत कोण चितपट झालं,
आणि खाली एखादी ओळ, माझीच.
उदाहरणार्थ: 'वांग्याला काटे असतात, तरी भाजी मऊ होते.'
असल्या ओळीला कोण पैसे देणार?

निकम सर देतो म्हणाले.
राजारामपुरी, क्लासेस, दहावीचं गणित.
फळ्याच्या तळाला फक्त चार बोटं जागा,
महिन्याला दोन हजार.
'आणि वरची ओळ जरा पोरांना उभारी देणारी
असली तर बरं. वांगी नकोत.'

वैजयंतानं ताटाशेजारी हिशेब मांडला:
खडू, स्पंज, दोनदा मारलेला काळा रंग,
अकरा वर्षांचे सात हजार आठशे.
'छंद म्हणजे पदरमोडच की.
घ्या. मिक्सरचं भांडं गळतंय.'

घेतले.

पहिल्या आठवड्यात हाताला काही कळलं नाही.
दुसऱ्यात मी लिहिता लिहिता मागं वळून बघायला लागलो,
कोण थांबतंय, किती वेळ थांबतंय.
निकम सरांना सांगायला आकडा हवा होता.
शंभर? दीडशे? शाळेची रिक्षा धरू की नको?
'यश', 'शिखर', 'जिद्द' हे शब्द
जुन्या पॅटर्नसारखे आयते हाताखाली आले,
ओतलं की निघालं, कोरसुद्धा न मोडता.

गंगावेशीत धारा काढून परतणारा बंडा शिरगावे
रोज फळा मोठ्यानं वाचायचा, म्हशीला ऐकू जाईल एवढ्यानं.
त्या दिवशी नुसता बघून निघाला.
'काय झालं रे?'
'काय न्हाई. हे आमच्या पोराच्या वहीमागं पण छापलंय.'

महिना भरल्यावर निकम सरांकडं गेलो,
चहा प्यालो, जागा परत मागितली.
ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले,
'अक्षर लई देखणं आहे तुमचं.
क्लासचा बोर्ड रंगवाल? फुटाला काय घेता?'
मला माझा दर माहीत नव्हता.

आता रविवारी बोर्ड रंगवतो.
क्लासचा झाला, भेळेच्या गाडीचा झाला,
एका पंक्चरवाल्याला 'पंक्चर'वरचा अनुस्वार
टायरएवढा हवा होता. दिला.
गिऱ्हाइकाची ओळ, माझा रंग, रोख पैसे,
घेताना हात चोरटा होत नाही.

यात मोठेपणा नाही.
फौंड्रीचा पगार दहा तारखेला येतो
म्हणून मला फळा राखता येतो.
ज्याला दहा तारीखच नाही त्यानं चार बोटं दिली
तर मी कुठल्या तोंडानं नावं ठेवू?

तळाची जागा रिकामीच असते.
परवा कुणा पोरानं तिथं लिहिलं,
'क्षची किंमत तुम्हीच काढा.'
राहू दिलं.

बोर्डाचे पहिले बाराशे वैजयंताच्या हातात ठेवले.
तिनं मोजले, दोनशे बाजूला काढले,
वहीत लिहिलं: पुसणावळ.
'कसली?'
'रात्री फळा कोण पुसतंय अकरा वर्षं?
तुम्ही पहाटे जाता तवा कोरा असतोय,
तो काय आपोआप?'

काय बोलणार.
दुसऱ्या दिवशी लिहिलं:
पाणी साडेसहाला. पंचगंगा चौदा फुटांवर.
खालची ओळ काही सुचेना.
खडू हातात धरून उरलेला काळा भाग बघत राहिलो.
कोपऱ्यात ओल्या फडक्याचा एक फराटा
अजून वाळायचा होता.