शेपटीवर बसणारं विमान

खोका उतरवताना पोस्टमन राडेक म्हणाला,
डॉक्टर, आत कुणाचं थडगं आहे का?
सहा किलो रेझिन,
जुन्या कवळीसारखं पिवळट,
आणि सूचनांचा एकच कागद,
ज्यात पायरी तीननंतर थेट पायरी नऊ.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
माझं भरलं, इथेच ओलोमोउत्समध्ये, एकोणचाळीस वर्षं.
आता त्याच सुया, तोच वाकडा आरसा, तेच घुंघुं यंत्र
या लिबरेटरच्या अंगावर चालवतो.
बुडबुड्यांची भोकं म्हणजे कीडच की:
वर टाचणीएवढी, आत गुहा.
कोरायचं, भरायचं, घासायचं,
सकाळी शेजारी नवीन.
फरक एवढाच की हा पेशंट ओरडत नाही
आणि फी मी भरलीये.

आधी साबणाने आंघोळ, नाहीतर रंग धरत नाही.
मग साच्याचे ठोकळे करवतायचे, पाणी शिंपडत,
मास्क लावून; ही धूळ छातीत गेली की परत येत नाही.
यार्मिला म्हणते, दवाखाना बंद केलास
की घरी आणलास?

डावा पंख केळ्यासारखा वाकडा आला.
हंस भाजायच्या भांड्यात उकळतं पाणी ओतलं,
भांडं आखूड, म्हणून आधी टोक, मग बूड,
मऊ झाला की फळीवर दाबून धरायचा,
साठ आकडे मोजायचे, थंड नळाखाली न्यायचा.
सरळ!
सकाळी पाहिलं तर पुन्हा थोडा केळं.
रेझिनला सवय मोडता येत नाही.
शेवटी आरपार पितळी नळी घातली.

काचेचं टोपण कापताना
शेवटच्या मिलिमीटरला तडकलं.
खोक्यात दुसरं होतं.
म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

माझा मामा ओताकार यातून समुद्रावर जायचा,
बाजूच्या उघड्या खिडकीशी, बंदुकीमागे.
परतला, तीन वर्षांनी बिल्ले गेले, मग नोकरी,
मग साखर कारखान्याच्या भट्टीत कोळसा.
मी नऊ वर्षांचा, डबा द्यायला गेलो होतो.
वर कसं असतं, मामा?
घामाने निथळत होता. म्हणाला, थंडी,
आणि फावडं उचललं.
पुढे मी त्याचे सगळे दात पाहिले,
तोंड उघडं ठेवून तो तासतास बसे,
त्यातून दुसरा शब्द आला नाही.

विमान तीन चाकांवर ठेवलं
तर नाक वर करून शेपटीवर बसलं,
हट्टी कुत्र्यासारखं.
नाकात वजन हवं. कागद म्हणतो, थोडं.
गळाची शिसं घातली, पुरली नाहीत.
मग क्ष-किरणांचा जुना एप्रन काढला
आणि कात्रीने फाडून, गुंडाळून,
वैमानिकाच्या पायांखाली ठासला.
बसलं. रात्रभर नीट बसलं.
सकाळी पुढचा पाय गुडघ्यात मुडपलेला,
कथलासारखा मऊ धातू, त्याचा काय दोष.
नवा पाय ओवला दात सरळ करायच्या तारेचा.
मुलांच्या जबड्यात टिकते,
इथे का नाही टिकणार?

पंख चिकटवले त्या संध्याकाळी मी फार खूश होतो.
एक मीटर पाच सेंटिमीटर.
दार ऐंशीचं.
तिरकं करून पाहिलं, उभं करून पाहिलं,
यार्मिला पलीकडून सूचना देत होती,
मग हसू लागली, मग मीही.

तेव्हापासून आम्ही स्वयंपाकघरात जेवतो.
या खोलीतला हीटर बंद ठेवलाय,
ऊब लागली की पंख झुकतात.
जानेवारीत ती चहा घेऊन येते,
दाराशीच थांबते, शाल ओढते:
थंडी आहे रे इथे.
हो, मी म्हणतो.
आरसा फिरवतो, आणि उजव्या शेपटीखाली
एक भोक सापडतं,
टाचणीएवढं.